वहिनींचं मौन आणि वरच्या काकांचे रोखे

आमच्या वहिनी मध्यवर्ती बँकेत नोकरीला आहेत, हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. सांगितलं की गिऱ्हाईक चष्म्याचा विषय सोडतं, खुर्ची पुढे ओढतं आणि हळूच विचारतं, "मग काय, व्याज उतरणार का?" माझं चष्म्याचं दुकान आहे. नंबर तपासायला आलेल्या माणसाने एक डोळा झाकून व्याजदराची चौकशी करावी, हे मला झेपत नाही. पण लोकांना वाटतं, बँकेत काम करणारा म्हणजे बँकच.

वहिनी तिथे सरकारी रोख्यांच्या लिलावाचं काम बघतात. सरकारला पैसे हवे असले की ते कागद विकतं. अमुक वर्षं अमुक व्याज देऊ आणि शेवटी मुद्दल परत करू, असं त्यावर कबूल केलेलं असतं. कोण किती भावाने घ्यायला तयार आहे त्या बोली वहिनींच्या पडद्यावर येतात. त्या तपासायच्या, ओळीने लावायच्या, वर पाठवायच्या. टेबलावर दोन पडदे आणि एक फोन, आणि त्या फोनवरचा शब्द न् शब्द कुठेतरी साठवला जातो, अगदी "ऐकू येतंय का" सुद्धा. व्याजदर ठरवणारी मंडळी निराळ्याच मजल्यावर बसतात. त्यांचा निर्णय वहिनींना कळतो तो तुम्हाआम्हाला कळतो तेव्हाच, व्हरांड्यातल्या टीव्हीवर, हातात चहाचा कप धरून.

हे आमच्या घरात कोणालाही पटत नाही. त्याला कारण वहिनींचं मौन.

दरांची बैठक जवळ आली की त्या बँकेत मौनाचे दिवस सुरू होतात. या दिवसांत तिथल्या माणसाने व्याज, महागाई, रोखे यांबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. बाहेर म्हणजे घरीसुद्धा. लग्नानंतरच्या पहिल्याच मौनात आमच्या दादाने, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, जेवताना विचारलं, "अगं, घराचं कर्ज आत्ता काढावं की थांबावं?" वहिनींनी जी तोंडात मिठाची गुळणी धरली ती बैठक संपेपर्यंत. दादाला वाटलं, बायको रुसली. तो फुलं घेऊन आला. वहिनींनी फुलं पाण्यात ठेवली आणि म्हणाल्या, "छान आहेत. पण कर्जाचं मी बोलणार नाही."

तेव्हापासून आम्हाला खोड लागली. बोलत नाहीत ना, मग आपण ओळखायचं. वहिनींनी चहात जास्त साखर घातली की दादा मला डोळा मारायचा, दर खाली येणार. त्या "फार उकडतंय" म्हणाल्या की मी म्हणायचो, महागाई तापली. समोरचा पाववाला तर त्यांच्या चालण्यावरून अंदाज बांधायचा. भरभर गेल्या तर व्याज वाढणार, रमतगमत गेल्या तर घटणार. सुतावरून स्वर्ग गाठण्यात आमच्या गल्लीचा हात धरणारा कुणी नाही. वहिनी बिचाऱ्या मौनाच्या दिवसांत चेहराही इस्त्री केल्यासारखा ठेवायला लागल्या. हसू नाही, आठी नाही. एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, मला साधी शिंक आली तरी तुम्ही सगळे एकमेकांकडे बघता."

आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर काका आणि काकू राहत. नात्यातले नव्हेत, पण इतकी वर्षं एकाच जिन्याने चढउतार केल्यावर नातं वेगळं काढायला कोण बसतंय. काकांचा धंदा पियानोचे सूर लावायचा. शाळा, सभागृहं, हौशी लोकांची घरं असं ते फिरायचे, आणि काकू हत्यारांची पिशवी घेऊन बरोबर. कुठल्या घरी कुत्रं आहे, कुठल्या घरी पैसे मागितल्याशिवाय मिळत नाहीत, हे सगळं काकूंच्या डोक्यात. काकांच्या डोक्यात फक्त सूर.

आता काकूंच्या डोक्यातून एकेक घर पुसलं जाऊ लागलं होतं. मधूनच त्या माझ्या दुकानात येऊन तपासणीच्या खुर्चीत बसायच्या आणि समोरच्या फळ्यावरची अक्षरं अगदी शेवटच्या ओळीपर्यंत बिनचूक वाचायच्या. मग काका शोधत खाली आले की मला हळूच विचारायच्या, "हे गृहस्थ कोण हो? मघापासून माझ्या मागे आहेत." काका म्हणायचे, "मी वरच्या मजल्यावर राहतो. चला, सोडतो तुम्हाला." मला हसावं की रडावं कळायचं नाही.

एकदा गॅस चालू राहिला. एकदा त्या घरातल्या कपड्यांवर रस्त्याच्या टोकापर्यंत गेल्या. तेव्हा काकांनी ठरवलं, आता हे आपल्याच्याने होत नाही. गावाबाहेर एक निवास होता, अशाच माणसांची काळजी घेणारा. तिथे जोडप्यांसाठी खोल्या अगदी मोजक्या. एरवी फक्त आजारी माणसाला घेत, धडधाकट नवऱ्याने घरी राहायचं आणि भेटीच्या वेळेत यायचं. नेमकी एक जोडप्याची खोली रिकामी होत होती. अनामत रक्कम भरली की काका-काकू दोघं मरेपर्यंत तिथे एकत्र राहू शकत होते. महिनाअखेरपर्यंत खोली त्यांच्यासाठी ठेवू, असं निवासाने कबूल केलं.

काकांचे सगळे पैसे रोख्यांत होते. वाद्यदुरुस्तीचं त्यांचं एक छोटं दुकान होतं, ते विकून आलेली रक्कम त्यांनी सर्वांत लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांत घातली होती, व्याज चांगलं मिळतं म्हणून. सरकारी कागद, म्हणजे बुडायची भीती नाही, हे खरंच. पण मुदतीआधी विकायचा तर बाजारात जो भाव असेल तो. नव्या कागदावर जास्त व्याज मिळायला लागलं की जुना कमी व्याजाचा कागद पुऱ्या किमतीला कोण घेईल? व्याज चढलं की जुन्याचा भाव उतरतो, व्याज उतरलं की चढतो. त्या वेळी काकांच्या रोख्यांचा भाव अनामतीपेक्षा थोडा कमी पडत होता. पण सगळ्यांचा अंदाज होता की बँक या बैठकीत दर कमी करणार, आणि त्या अंदाजावरच भाव रोज थोडाथोडा वर सरकत होता. काका दलालाला रोज फोन करायचे.

मौन सुरू झाल्यावर काकांनी वहिनींना काही विचारलं नाही. माणूस मोठा सभ्य. फक्त सकाळी त्या कामाला निघाल्या की ते वरच्या कठड्याशी येऊन उभे राहायचे.

बैठकीला दोन दिवस राहिले असताना काका तरातरा जिना उतरून आले. वहिनी आमच्या दारात बूट चढवत होत्या आणि मी दुकान उघडायला खाली निघालो होतो.

"दलालाचा फोन आला," काका म्हणाले. "आजचा भाव पुरतोय. अनामत भरून वर थोडे उरतील. विकून टाकतो आज."

वहिनी रोख्यांबद्दल काही बोलणार नव्हत्याच. त्यांनी बुटाची नाडी बांधली, पर्स खांद्याला लावली आणि निघाल्या. पण जिन्याचं पहिलं वळण ओलांडल्यावर त्या गुणगुणायला लागल्या. शब्द नाहीत, नुसती चाल. वहिनींचा गळा बरा आहे, पण मौनाच्या दिवसांत मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. खाली दुकानाशी मी विचारलं, "काय वहिनी, आज गाणं?"

"काकांची खोली झाली ना भाऊजी," त्या म्हणाल्या. "काकू एकट्या राहिल्या असत्या तर माझ्याने बघवलं नसतं." आणि गेल्या.

माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला. वरती आमच्या दाराशी उभ्या असलेल्या काकांच्या मनात मात्र तो सुरू झाला होता. सूर लावण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या कानाने ती गुणगुण टिपली होती. काकांनी मनाशी हिशोब मांडला: ही पोरगी मौनात कधी गुणगुणत नाही, रोख्यांचं नाव काढलं आणि लगेच गुणगुणली. म्हणजे आत पक्कं ठरलंय, दर उतरणार. म्हणजे भाव आणखी चढणार. मग आज कशाला विकायचं? त्यांनी वर जाऊन दलालाला सांगितलं, थांबा, बैठकीनंतर बघू. आम्हाला कुणाला ते बोलले नाहीत. बोलले असते तर वहिनींनी नियम मोडला हे उघड झालं असतं, आणि काकांना ते नको होतं.

माझ्या दुकानात हे रोज घडतं. माणसाला खालची ओळ दिसत नाही, पण अंदाजाने एखादं अक्षर बरोबर येतं आणि त्याला वाटतं आपली नजर शाबूत आहे. मी चष्मा घ्या म्हटलं की रागावतो.

बैठकीच्या दिवशी दुकानातला टीव्ही लावला होता. बँकेने दर खाली आणला. पाववाल्याने टाळी दिली, दादाने फोन करून कर्जाचा हप्ता किती कमी होईल ते मला तोंडपाठ सांगितलं. काका खाली आले ते नवरदेवासारखे. काकूंना हात धरून आणलं होतं. सगळ्यांना चहा सांगितला.

"विकले नव्हते मी," ते मला म्हणाले. "थांबलो. आता बघ भाव."

मी म्हटलं, वा. मला यातलं काय कळतंय. दर उतरला, म्हणजे व्याज उतरलं, म्हणजे भाव चढला. मलाही ते दोन अधिक दोन इतकं सरळ वाटत होतं.

संध्याकाळी वहिनी आल्या. नेहमीपेक्षा थकलेल्या दिसल्या. दुकानात काकांना बघून थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "काका, खोलीची चावी मिळाली का?"

"मिळेल की. आता विकतो. त्या दिवशी विकलेच नाहीत."

इतक्या वर्षांत वहिनींचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा उघडा पाहिला. त्या खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या. काकांनी तो चेहरा पाहिला आणि त्यांचाही रंग उतरला. विचारायची गरज नव्हती, तेवढ्यात दलालाचा फोन आलाच.

लांब मुदतीच्या रोख्यांचा भाव त्या दुपारी घसरला होता. थोडाथोडका नाही, शेकडा चार.

"पण दर तर कमी केला," काका फोन ठेवून म्हणाले. "मी स्वतः ऐकलं."

वहिनी त्यांच्या शेजारी बसल्या. मौन निर्णयाबरोबर सुटत नाही, आणखी थोडं चालतं; पण झालेली गोष्ट तर बातम्यांत येऊनच गेली होती. तेवढीच त्या बोलल्या. "काका, आमची बँक ठरवते तो दर फार थोड्या दिवसांच्या उसनवारीचा. तिथपर्यंत आमचा हात पोचतो. पुढच्या तीस वर्षांचं व्याज बाजार ठरवतो, पुढे काय होईल असं लोकांना वाटतं त्यावर. दर उतरणार हे सगळ्यांनी आधीच धरलं होतं. तो चढलेला भाव त्याचाच होता. आज गव्हर्नर म्हणाले, महागाईची काळजी आहे, यापुढे लगेच कपात नाही. झालं. लोकांनी लांबचे कागद विकायला काढले."

"म्हणजे बँकेचं बाजार ऐकत नाही?"

"जवळचं ऐकतो. लांबचं ऐकेलच असं नाही."

काकू चहा पीत होत्या. कप ठेवून त्या म्हणाल्या, "घरी जायचं का आता?" काका म्हणाले, "जाऊ."

पुढचे दिवस आम्ही काय काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. दादाने त्याची ठेव मोडायला काढली, मी घाऊक व्यापाऱ्याचे पैसे थांबवून ठेवले. काका आधी नको नको म्हणाले, मग हो म्हणाले. पैसे जमले तेव्हा महिना उलटून गेला होता, आणि खोली यादीतल्या पुढच्या जोडप्याला गेली होती. निवासवाल्यांची काही चूक नाही, त्यांनी शब्द पाळला होता. त्यांच्याकडे आता एकट्या माणसाची एक खाट होती. ती घेता का, एवढंच त्यांनी विचारलं. त्या आठवड्यात काकू पुन्हा रस्त्यावर सापडल्या होत्या. रोखे थांबू शकत होते, तीस वर्षं थांबले असते. काकू थांबू शकत नव्हत्या.

निवासात न्यायच्या प्रत्येक कपड्यावर खूण शिवावी लागते, नाहीतर धुलाईत अदलाबदल होते. वहिनी रजा घेऊन वर शिवायला बसल्या होत्या. काका घड्या घालत होते, काकू पलंगावर झोपल्या होत्या, आणि मी सुईत दोरा ओवून देत होतो. जवळचं मला अजून बरं दिसतं.

"पोरी, तुझे उपकार आहेत माझ्यावर," काका एकदम म्हणाले. "मी कुठे बोललो नाही, बोलणारही नाही. तू माझ्यासाठी नियम मोडलास. आणि तू सांगितलंस ते तंतोतंत खरं ठरलं. बाजारच उलटा निघाला, त्याला तू काय करणार?"

वहिनींची सुई थांबली. "मी काय सांगितलं, काका?"

"जिन्यात गुणगुणलीस ना. मी ओळखलं."

मी वहिनींकडे बघून मान हलवली. नका बोलू. इतकी वर्षं गप्प राहायचा सराव आहे, आणखी एकदा राहा. म्हाताऱ्याला वाटू दे की त्याचा अंदाज बरोबर होता आणि जग वाकडं निघालं. तेवढ्यावर त्याचे दिवस जातील. वहिनींना माझी खूण कळली. त्यांनी ती मानली नाही.

"मला दराचं काहीच माहीत नव्हतं, काका. मला ते कधीच माहीत नसतं. तुम्ही म्हणालात, पैसे पुरतात, आज विकतो. मला वाटलं खोली झाली. तुम्ही दोघं एकत्र राहणार म्हणून मला आनंद झाला. तेवढंच होतं ते."

काकांनी हातातल्या गाऊनची घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. मला वहिनींचा राग आला होता. इतका खरेपणा कशाला लागतो माणसाला?

"म्हणजे सूर मी बरोबर ऐकला होता," काका म्हणाले. "आनंदाचाच होता तो. माझ्यासाठी कुणाला आनंद होत असेल, एवढंच डोक्यात आलं नाही. व्याजदर आला."

"मी थोडी गप्प राहिले असते तरी—"

"नाही. गप्प राहिली असतीस तर त्यातूनही मी काहीतरी काढलंच असतं." मग त्यांनी विचारलं, "मी थांबतोय हे तुला कळलं असतं, तर बोलली असतीस? मौनात?"

वहिनींनी दोरा दातांनी तोडला. "तेच रोज स्वतःला विचारतेय," त्या म्हणाल्या, आणि रडू लागल्या. काकांनी उठून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकूंना घेऊन गेलो. निवास स्वच्छ होता, माणसं मायेची होती. काकूंची खोली अरुंद, भिंतीला लागून एक एकेरी खाट, कपाट, खुर्ची. वहिनींनी खूण शिवलेले कपडे कपाटात लावले. काका मध्येच उभे होते, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे.

काकू खाटेवर बसल्या. खोलीभर नजर फिरवली, उशी चाचपली, चपला काढल्या. मग आडव्या होऊन त्या सरकत सरकत पार भिंतीला टेकल्या आणि शेजारची चादर हाताने सारखी केली.

"अहो, या ना," त्या काकांना म्हणाल्या. "किती वेळ उभे राहणार?"

कितीतरी महिन्यांनी त्यांनी त्यांना 'अहो' म्हटलं होतं. काका खाटेच्या कडेवर कसेबसे टेकले, मग अंग चोरून आडवे झाले. वहिनी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी दरवाज्याच्या कडीकडे बघत राहिलो, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

थोड्या वेळाने तिथल्या बाई आल्या. खाटेकडे बघून दारातच थांबल्या, मग हळूच त्यांनी सांगितलं की भेटीची वेळ संपली. काका उठले. काकूंचा डोळा लागला होता. आम्ही दार ओढून घेतलं तेव्हाही त्या भिंतीला चिकटूनच झोपल्या होत्या, काकांची जागा मोकळी ठेवून.